गरुडनाथचा सतरावा अंक

भास्कर,

सतरावा अंक माझ्याकडे आहे. गेल्या डिसेंबरपासून आहे. तू नोव्हेंबरात गेलास, म्हणजे हे एक वाक्य तुला सांगायला मला अकरा महिने मिळाले होते. त्यातले जवळजवळ सगळे रविवार तू माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसून, सकाळी अकरा ते दीड, माझा चहा पीत घालवलेस. मी अर्थशास्त्र शिकवतो. हातची संधी घालवणं म्हणजे काय, ते मी मुलांना आकृती काढून समजावतो. तरी सांगितलं नाही.

तुझ्या शोकसभेतही सांगितलं नाही. तिथे तशी सोयच नव्हती, कारण तिथे ज्याच्याबद्दल बोलत होते तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. तुमच्या रेल्वेच्या संस्थेचे मोठे साहेब कागदावरून ‘अपूरणीय क्षति’ तीनदा वाचून गेले. रुळांतल्या तड्यांवर तू केलेल्या कामाने देशाची मान कशी उंचावली ते त्यांनी सांगितलं. तू जिवंत असताना तुझी फाइल त्यांच्या टेबलावर सात महिने पडून होती, ते कागदात नव्हतं. मग आपल्या लखनौच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उठले. तुला दुर्मिळ ग्रंथांचा व्यासंग होता, असं ते म्हणाले. मी सुनंदावहिनींकडे पाहिलं. इतक्या दुःखातही त्यांनी पदर तोंडाला लावला तो रडण्यासाठी नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

ग्रंथ म्हणजे बत्तीस पानांची चित्रकथा. हिंदी. नायक गरुडनाथ, पिवळी चोळण्यासारखी तुमान, खांद्याला शेला, पाठीला पंख. दिल्लीतल्या कुठल्याशा प्रकाशकाने दर दोन महिन्यांनी एक असे चोवीस अंक काढले आणि दुकान बंद केलं. ते भुसावळ स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर यायचे. तुझे वडील लोकोशेडमध्ये फिटर. घरी परतताना ते एक अंक घेऊन यायचे, आणि तू तो आधी वास घेऊन मग वाचायचास, हे तू मला किमान चाळीस वेळा सांगितलंस. सोळाव्या अंकाच्या शेवटी खलनायक गरुडनाथला पुलावरून खाली ढकलतो. त्याचे पंख त्याआधीच जाळून टाकलेले. खाली चौकटीत लिहिलेलं: क्या गरुडनाथ बच पाएगा? आणि नेमकं तेव्हाच तुला शाळेसाठी नागपूरला मामांकडे पाठवलं. मामांच्या घरी चित्रांचं पुस्तक म्हणजे फक्त भूगोलाचा नकाशा. दिवाळीत परत आलास तर गाड्यावर अठरावा लागलेला, आणि त्यात गरुडनाथ एका झाडाखाली बसून आंबा खातोय. कसा वाचला ते सतराव्यात होतं, आणि सतरावा संपला होता.

तो कसा वाचला, हे तुला पस्तीस वर्षं माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हणालो होतो, वाचला ना, मग झालं. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी रूळ न तपासता गाडी सोडायला सांगतोय.

आपली ओळखच मुळी अध्यक्षांच्या भाषणामुळे झाली, हे तुला आठवत असेल. मंडळाचा गणपती, अध्यक्ष लोकमान्यांपासून सुरुवात करून मोगलांपर्यंत उलटे जात होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मंडपामागे गेलो तर तू तिथे आधीच उकिडवा बसून एक फाटकं कॉमिक वाचत होतास. मी विचारलं, मुलाचं का? तू म्हणालास, “माझी मुलगी असलं वाचत नाही. ती सीरियस आहे.” त्यानंतरच्या रविवारी तू मानकनगरहून स्कूटर मारत विकासनगरला आलास, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि मग येतच राहिलास. मला तू ‘मास्तर’ म्हणायचास. प्राध्यापक म्हणवून घ्यायला मला किती आवडतं ते तुला पहिल्या दिवशीच कळलं असावं.

भांडण सुरू झालं ते तिसऱ्या अंकावरून. तो तू नऊशे रुपयांना घेतलास. मूळ किंमत साठ पैसे, कव्हरावर छापलेली. सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या होत्या की नऊशेत मिक्सर येतो. तू दुसऱ्या महिन्यात मिक्सरही आणलास आणि तो विषय घरापुरता मिटला. मला तो इतक्या सहज सोडता येणार नव्हता. मी तुला विचारलं की यात नऊशे रुपयांचं काय आहे? कागद भिकार, रंग रेषेबाहेर गेलेला, गोष्ट अशी की चौथीतलं पोरही लाजेल. तू म्हणालास, काहीच नाही. मग नऊशे का दिलेस? तू म्हणालास, “कानपूरवाला साडेआठशे देत होता.”

मला आनंद झाला होता, भास्कर. माझा सिद्धांत तू स्वतःच्या तोंडाने सिद्ध केला होतास. एखादी वस्तू महाग असते ती तिच्यात काही असतं म्हणून नाही, ती दुसऱ्याला हवी असते म्हणून. हे कानपूरचे डॉक्टरसाहेब, दातांचे, उत्तर हिंदुस्थानात गरुडनाथ जमवणारे तुझ्याखेरीज दुसरे गृहस्थ. ते नसते तर तुला तिसरा अंक वीस रुपयांत मिळाला असता, आणि तू नसतास तर त्यांना. तुम्ही दोघे एकमेकांना महागात पडत होतात. मी म्हटलं, दोघांनी एकदा बसून ठरवा आणि निम्म्यात सगळं घ्या. तू म्हणालास, “मग मजा काय राहिली?” आणि मी म्हटलं की बघ, मजा. कथा नाही, बालपण नाही. शर्यत.

मग तू मला कानपूरला घेऊन गेलास. डॉक्टरसाहेबांनी आधी हात धुवायला लावले. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे-पुढे पुठ्ठा, कपाटाला कुलूप. मला एक अंक उघडून बघायचा होता. ते नम्रपणे म्हणाले, “प्रोफेसर साहब, इसे खोलते नहीं हैं।” त्यांनी स्वतः तो कधी वाचला होता का, असं मी विचारलं तर ते जरा गोंधळले. वाचला असेल, लहानपणी, म्हणाले. त्यांच्याकडे नववे अंक दोन होते. एक कोरा करकरीत. दुसऱ्यावर कुणी शकुंतला नावाच्या मुलीने, इयत्ता चौथी ब, शाईने नाव लिहिलेलं आणि राजकन्येला मिशा काढलेल्या. तुझ्याकडेही नववा होता, कोरा. तू तो त्यांना दिलास आणि बदल्यात मिशांचा मागून घेतलास. डॉक्टरसाहेबांना वाटलं त्यांनी तुला लुटलं. अपराधी वाटून त्यांनी आपल्याला दुसऱ्यांदा मिठाई वाढली.

परत येताना बसमध्ये मी तुला मूर्ख म्हटलं. तू पिशवीतून अंक काढून मिशा बघत बसलेला. म्हणालास, “मास्तर, त्याला असा अंक हवा असतो जो कुणाकडेच नव्हता. मला असा हवा असतो जो कुणाकडे तरी होता.” मी म्हटलं की हे वाक्य छान आहे, पण याचा अर्थशास्त्रात काही उपयोग नाही. उन्नाव येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस.

तुझं ते काम बघायला मला आवडायचं, हे मात्र तुला कधी म्हणालो नाही. लखनौच्या पावसाळ्यात लोखंडी पिना गंजतात, तो गंज कागद खातो आणि मधलं पान सुटतं. तू नेलकटरच्या टोकाने दोन्ही पिना उघडायचास, त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवायचास, आणि मधल्या पानावर आतल्या बाजूला गाठ मारायचास. डावखुरा असल्याने तुझी गाठ उलटी पडायची. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा संपला की घरात दोन दिवस अबोला. मग तू अंकात एक चिठ्ठी ठेवायचास, पेन्सिलीने लिहिलेली, तुमच्या रूळ तपासणीच्या पद्धतीने. मुखपृष्ठ: किरकोळ तडा. पाठ: ठीक. पिना: काढल्या. निर्णय: चालवण्यास योग्य. तेवीस अंक, तेवीस चिठ्ठ्या, एक लोखंडी ट्रंक, कडुनिंबाचा पाला. मी त्या चिठ्ठ्यांची यथेच्छ थट्टा केली. सरकारी नोकरी माणसाला सुट्टीच्या दिवशीही सोडत नाही, म्हणालो होतो.

आता डिसेंबर.

आम्ही रजईच्या खोळी घ्यायला अमीनाबादला गेलो होतो. निर्मला कापडवाल्याशी घासाघीस करत होती आणि मी नेहमीप्रमाणे निरुपयोगी ठरून बाहेर आलो. तुझे ते अच्छन मियाँ फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसलेले. तुझ्याबरोबर दहा वेळा आलो होतो, म्हणून ओळखलं. स्पर्धापरीक्षांच्या गाइडांचा एक ढीग होता, तो मी नुसताच चाळत होतो. खाली हाताला पातळ कागद लागला. कव्हर अर्धं उंदराने खाल्लेलं. पंखाचं एक टोक आणि कोपऱ्यात अंक क्रमांक.

मला आधी वाटलं की मी चुकीचं वाचतोय. चष्मा पुसला. सतराच होता. आणि मी काय केलं असेन? मी तो ढिगात परत ठेवला, त्यावर एक गाइड ठेवलं, त्या गाइडची किंमत विचारली, मग अगदी सहज आठवल्यासारखं खालचं फाटकं कॉमिकही उचललं. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की बाजारात विकणाऱ्या-घेणाऱ्याला सारखी माहिती असावी. अच्छन मियाँनी माझ्याकडे पाहिलं, दारूच्या दुकानात मौलवी दिसावा तसं. “प्रोफेसर साहब, आप भी?” मी म्हटलं, घरी पाहुण्यांची मुलं येणार आहेत. ते म्हणाले, “ले जाइए, दो रुपये दे दीजिए। आधा तो चूहा पढ़ चुका है।”

रिक्षात निर्मलाला दाखवला नाही. घरी येऊन दार लावून वाचला. पंधरा मिनिटं लागली. गरुडनाथ पुलावरून पडतो आणि त्याचा शेला पुलाच्या खांबाला असलेल्या एका आकड्यात अडकतो. तिथे तो लोंबकळत राहतो, सकाळी एक कोळी त्याला सोडवतो. एवढंच. तुझी पस्तीस वर्षं आणि एक आकडा. मला हसू आलं आणि लगेच तुझी दया आली, आणि मग, खरं सांगतो, एक तिसरीच गोष्ट वाटली जी मला आयुष्यात कधी कुठल्या वस्तूबद्दल वाटली नव्हती. हे माझ्याकडे आहे आणि भास्करकडे नाही.

सुरुवातीला लपवण्याचं कारण चांगलं होतं. मार्चमध्ये तुझा पन्नासावा वाढदिवस होता. तेव्हा द्यायचा असं ठरवून मी तो खाकी पाकिटात घातला आणि सरकारी अहवालांच्या जाड खंडांमागे ठेवला, कारण ते खंड मी स्वतःही कधी काढत नाही. वाढदिवसाला पाकीट पिशवीत घालून मानकनगरला आलोसुद्धा. वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवताना कुणीतरी विचारलं की आता एकच राहिला ना, मिळाला तर काय करणार? तू अगदी सहज म्हणालास, “सतरावा मिळाला की खेळ खलास. नोकरी सोडतो, सगळं कानपूरवाल्याला देऊन टाकतो, भुसावळला जातो. आईच्या घराशेजारी दोन खोल्या बांधीन.” सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत, म्हणजे तू हे घरी आधी बोलला होतास. मी पिशवीतून पेनचा खोका काढून तुला दिला. तो मी खरं तर स्वतःसाठी घेतला होता.

त्या दिवसापासून चांगलं कारण राहिलं नाही. मला माझे रविवार हवे होते. इथे तीस वर्षं राहून मराठीत भांडायला मला एकच माणूस मिळाला होता. माझा मुलगा माझ्याशी हिंदीत बोलतो, तुझी मंजिरी तुझ्याशी हिंदीत बोलायची. आपण गेल्यावर ही भाषा या दोन घरांतून भाडेकरूसारखी जाणार, हे आपण दोघेही जाणून होतो आणि त्यावर कधी बोललो नाही. तू भुसावळला गेला असतास तर मी रविवारी सकाळी अकरा वाजता काय केलं असतं? पेपर वाचला असता.

आणि हेही सांगतो, कारण आता लपवून उपयोग नाही. मला ते लपवणं आवडायला लागलं होतं. तू समोर बसून कानपूरवाल्याला कुठे सतरावा तर मिळाला नाही ना, याची चिंता करायचास, आणि तुझ्या डोक्यामागे दीड हातावर तो अंक असायचा. तू गेल्यावर मी खंड सरकवून पाकीट जागेवर आहे ना ते बघायचो. उघडायचो नाही. डॉक्टरसाहेबांना मी किती हसलो होतो. लोक असल्या वस्तूंना एवढे पैसे का देतात, यावर मी तुझ्याशी आठ वर्षं वाद घातला, आणि दोन रुपयांत मला जे कळलं ते त्या आठ वर्षांत कळलं नव्हतं. माझा सिद्धांत बरोबर होता, पण तो मी बाहेरून मांडला होता. एखादी वस्तू आपल्याजवळ असली की माणूस तिच्यापाशी परत परत येतो, हा भाग मी विचारातच घेतला नव्हता.

मेमध्ये आम्ही भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो. किल्ली तुझ्याकडे, झाडांना पाणी घालायला. तू इतकं घातलंस की मनीप्लांट कुजला. निर्मला मात्र तुझ्यावर खूश, कारण तू पुस्तकांच्या फळीवरची धूळही झटकली होतीस. “भावजींना जे सुचतं ते तुम्हाला तीस वर्षांत सुचलं नाही,” ती म्हणाली. मी खोलीत गेलो आणि खंड बाजूला केले. पाकीट होतं तिथेच होतं. मला हायसं वाटलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बाहेर पाऊस होता आणि तू घरी जायचा थांबला होतास. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला तू एक पूल काढलास. मग पेन्सिल त्यावर आपटत म्हणालास, “मास्तर, असल्या पुलाला आकडा कशाला असेल? कोण बसवेल? आणि बसवलाच, तर एवढ्या माणसाचं ओझं तो घेणार नाही. उखडून येईल.” मी कप बशीत ठेवला. मी म्हटलं, कुठला आकडा? तू म्हणालास, कुठलाच नाही, आपलं बोलतोय. तू अंक बघितलेला नाहीस, मी म्हटलं. तू म्हणालास, “अंदाज.” आणि अजून अर्धा कप मागितलास.

मी तुझ्या बुद्धीचं मनात कौतुक केलं. पस्तीस वर्षं विचार करून माणूस कुठवर पोचतो, असं वाटलं.

मग नोव्हेंबरातला तो मंगळवार. मी विकासनगरहून हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. वहिनी बाकावर बसल्या होत्या आणि तुझ्या चपला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवल्या होत्या. मला म्हणाल्या, “भावजी, रविवारी येतो म्हणाले होते ना तुम्हाला?”

तेराव्याला डॉक्टरसाहेब कानपूरहून आले. खरंखुरं रडले, मी साक्षीदार आहे. मग त्यांनी हात धुतले आणि ट्रंक बघू का म्हणून विचारलं. क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं आहे, मंजिरी बंगलोरला एका खोलीत राहते, ट्रंक कुठे ठेवायची हा प्रश्नच होता. त्यांनी आकडा सांगितला तो ऐकून वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते म्हणाले, सत्रह नंबर मिळाला तर याच्या तिप्पट. शनिवारी पुन्हा येतो म्हणाले. वहिनी दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा हळूच मला म्हणाल्या, “तुम्ही बसा माझ्याबरोबर शनिवारी. मला त्यातलं काही कळत नाही, आणि ते फार गोड बोलतात.”

म्हणजे मला सांगणं भाग होतं. तिप्पट पैसे तुझ्या बायकोचे आणि ते माझ्या फळीवर. पण पैशांचं सांगणं सोपं होतं. त्याच्या आतलं सांगायचं होतं: वहिनी, याला आयुष्यात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, ती मला ठाऊक होती, आणि मी ती त्याला न सांगता जाऊ दिलं. माझा चहा पिऊन तो उत्तराकडे पाठ करून बसायचा, आणि मी त्याला बसू दिलं. हे घेऊन मी शुक्रवारी खंड काढले, पाकीट घेतलं, आणि डिसेंबरनंतर पहिल्यांदा उघडलं.

अंक नीट उघडला. गंजल्या पिनांचा जुना अंक इतका नीट उघडायला नको होता. मी मधलं पान पाहिलं.

पिना नव्हत्या. पांढरा दोरा होता, तीन टाके, आतल्या बाजूला गाठ, उलटी. आणि चिठ्ठी.

मी ती तिथेच फळीला टेकून वाचली. मग बसून वाचली. मग निर्मलाला हाक मारली आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

मुखपृष्ठ: अर्धे. उंदीर.
पाठ: ठीक.
पिना: काढल्या. दोरा घातला.
पूल: चुकीचा.
निर्णय: जागेवर राहू द्यावा. तपासणी दर रविवारी.

अच्छन मियाँनीच सांगितलं असणार तुला, प्रोफेसरसाहेब हल्ली कॉमिक घेतात म्हणून. लखनौत कुणाचं गुपित टिकलंय? मग किल्ली हातात, चार दिवस रिकामं घर, आणि तू रूळ तपासणारा माणूस. कुठल्या खंडांना मी कधी हात लावत नाही ते तुला विचारावं लागलं नसेल. तू अंक वाचलास. आकडा पाहिलास. पस्तीस वर्षांचं उत्तर माझ्या खुर्चीत बसून तुला मिळालं, आणि तू ते शिवून, पाकिटात घालून, परत ठेवून दिलंस, वर धूळ झटकलीस. मग त्यानंतरचे सगळे रविवार तू त्याच्याकडे पाठ करून बसलास आणि मला विचारत राहिलास, कानपूरवाल्याला मिळाला नसेल ना?

भास्कर, तू किती चांगला नट होतास. आणि मी तुझी दया करत होतो.

शनिवारी डॉक्टरसाहेब यायच्या आधी तासभर मी मानकनगरला गेलो आणि वहिनींसमोर अंक ठेवला. सगळं सांगितलं, वाढदिवसाच्या पेनासकट. त्यांनी चष्मा लावला. टाके पाहिले, मग गाठीवरून बोट फिरवलं. “यांचीच,” म्हणाल्या. चष्मा काढून म्हणाल्या, “मेमध्ये सुई-दोरा खिशात घालून निघाले होते तुमच्याकडे. मी विचारलं, झाडांना पाणी घालणार की झाडं शिवणार? तर म्हणाले, मास्तरचं एक काम आहे.” आणि मग भुसावळचं विचारायचा मला धीर होईना तेव्हा त्यांनीच सांगितलं की जूनपासून तू दोन खोल्यांचं नाव काढलं नव्हतंस. त्यांनी एकदा विचारलं तर म्हणालास, सतरावा कुठे मिळालाय अजून?

डॉक्टरसाहेब आले. हात धुतले. तेवीस अंक एकेक करून पाहिले, तुझ्या चिठ्ठ्या वाचून दोनदा हसले, मिशांच्या राजकन्येपाशी थांबले आणि तिला मिटवलं ते जरा जास्तच हळुवारपणे. मग विचारलं, सत्रह? अंक माझ्या मांडीवरच्या झोळ्यात होता आणि मी झोळ्याचे बंद धरून बसलो होतो.

वहिनी म्हणाल्या, “नहीं मिला डॉक्टर साहब।” आवाजात काही नव्हतं. मग म्हणाल्या, “और ये भी अभी नहीं दे पाऊँगी। अधूरा है, अधूरा देना अच्छा नहीं लगेगा।”

मला वाटलं, माणूस चिडेल. इतक्या लांबून दुसऱ्यांदा आला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण ते मी तुझ्या चेहऱ्यावर आठ वर्षं पाहिलं होतं. सुटल्यासारखा दिसला तो. चहा घेतला, मग दुसरा घेतला, म्हणाला की अलाहाबादला एक जुना पुस्तकवाला आहे, तिथे अजून गेलेलो नाही. निघताना माझा हात धरला आणि म्हणाला, “प्रोफेसर साहब, कहीं दिखे तो बताइएगा।” बताऊँगा, मी म्हटलं. खोटं बोलायची मला आता सवय झाली आहे.

ट्रंक आमच्याकडे आणली आहे. वहिनींची जागा ठरेपर्यंत ती मागच्या खोलीत, कडुनिंबाच्या ताज्या पाल्यासकट. सतरावा समोरच्या खोलीत, खंडांमागे. मध्ये दहा पावलं आहेत. संच पूर्ण करायला एवढंच चालावं लागेल, आणि मी चालणार नाही.

आज रविवार. निर्मलाने सवयीने तीन कप मांडले आणि एक परत ठेवला नाही. वेताची खुर्ची तिथेच आहे. पहिल्यांदाच मी तुझ्या खुर्चीत बसलो, फळीकडे पाठ करून. इथून खरंच काही दिसत नाही. अकराला उठलो, खंड बाजूला केले, पाकीट उघडलं, दोरा पाहिला, गाठ पाहिली, चिठ्ठी होती तशी मधल्या पानात घातली.

अंक जागेवर आहे. आजची तपासणी झाली.

मास्तर